वाचक विचारतात: अळंबीतला किडा कोण, आणि त्याची नोंद कशी करायची?

मागच्या अंकात मी फिनलंडच्या जंगलातल्या अळंब्यांवर लिहिलं होतं. त्यात शेवटी सहज दोन ओळी होत्या, की अळंबी टोपलीत टाकायच्या आधी पांढऱ्या ताटलीवर उलटी धरा, वरून हलकी टपली मारा आणि काय पडतं ते बघा. लेखाबद्दल फार पत्रं आली नाहीत पण त्या दोन ओळींबद्दल भरपूर आली! फिनलंड, स्वीडन, नॉर्वे आणि कोकणातूनसुद्धा. सगळ्यांच्या ताटलीत पडलेला प्राणी साधारण एकाच घराण्यातला निघाला, रोव्ह बीटल. त्यामुळे या वेळी सगळा कॉलम त्याच्यावरच.

प्रश्न: एस्पोजवळच्या बर्चच्या जंगलात नारिंगी टोपीची एक जाडजूड अळंबी मिळाली. टपली मारली तर दोन लांबट किडे पडले, दोन्ही काळे-नारिंगी. मला आधी इअरविग वाटले, पण मागे चिमटा नाही. नवरा म्हणतो दोन्ही एकच, मला वेगळे वाटतात. फोटो पाठवलेत. कोण बरोबर? (एक वाचक, एस्पो, फिनलंड)

तुम्ही बरोबर. आणि फोटो छान आलेत म्हणून सांगता येतंय, नाहीतर हे दोघं भल्याभल्यांना फसवतात.

आधी घराणं सांगते. रोव्ह बीटल हा बीटलच, म्हणजे आपल्या भुंगेऱ्यांच्याच जातकुळीतला, पण नेहमीच्या भुंगेऱ्याचे वरचे कडक पंख कसे पूर्ण पाठ झाकतात, तसं याचं नसतं. याचे कडक पंख म्हणजे अंगात तोकडी बंडी घातल्यासारखे, कमरेच्या वरच संपतात आणि खालचं पोट उघडंच. म्हणून फिनिशमध्ये यांना ल्युह्युत्सीपिसेत म्हणतात आणि स्वीडिशमध्ये कोर्टविंगार, दोन्हीचा अर्थ आखूड पंखवाले. पण त्या बंडीखाली पातळ, चांगले लांब पंख घडी घालून ठेवलेले असतात, इतकी बारीक घडी की एवढ्याशा जागेत एवढं कापड मावलं कसं असा प्रश्न पडावा, आणि वेळ आली की क्षणात उघडून उडून जातो. जगात या घराण्याच्या साठ हजारांवर जातींना नावं मिळालीत, प्राण्यांमधलं हे सगळ्यात मोठ्या घराण्यांपैकी एक. डिवचलं की पोट विंचवासारखं वर उचलतो, ते बघून लोक घाबरतात, पण याला नांगी नसते.

आता तुमचे दोघे. पहिल्या फोटोतला धिप्पाड आहे तो ऑक्सिपोरस रुफस. डोकं बघा, मानेपेक्षा रुंद वाटतं, काळं, आणि पुढे दोन मोठे सुळ्यांसारखे जबडे एकमेकांवर तिरके आलेले. छातीचा वरचा भाग लालसर-नारिंगी, पोटही तसंच आणि टोकाला काळं. लांबी साधारण एक सेंटिमीटर. आणि एक खूण अशी की एकदा दिसली की तुम्ही विसरणार नाही: तोंडाखाली ज्या छोट्या मिशा असतात त्यांचं शेवटचं पेर चंद्रकोरीसारखं रुंद असतं. दहापट भिंगातून डोकं खालच्या बाजूने बघा, अगदी कपाळावरच्या कोरीसारखी कोर दिसेल.

दुसऱ्या फोटोतला सडपातळ, गुळगुळीत, मागे निमुळता होत गेलेला, तो लॉर्डिथॉन, तुमच्या फोटोतली जात बहुतेक लॉर्डिथॉन लुन्युलॅटस. याचं डोकंही काळं पण लांबट आणि अरुंद, जबडे डोळ्यात भरत नाहीत, काळ्या पंखांवर खांद्यापाशी फिकट पिवळा डाग. रंग तेच, पण बांधा बघितला की पहिलवान आणि धावपटू एवढा फरक आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगते की रंग सगळ्यात शेवटी बघा, आधी डोकं बघा, मग बांधा बघा, रंगाने सुरवात केली की चूक ठरलेली.

आणि कामंही वेगळी! ऑक्सिपोरस अळंबीच खातो, मोठाही आणि त्याची अळीही, गरात बोगदे करून राहतात. लॉर्डिथॉन अळंबी खायला येत नाही, तो अळंबीत वाढणाऱ्या माश्यांच्या अळ्या खायला येतो. म्हणजे एकाच वाटीएवढ्या टोपीत एक जण जेवतोय आणि दुसरा शिकार करतोय.

ऑक्सिपोरसला त्याच्या घरात बघायचं असेल तर एक सांगते. गेल्या सप्टेंबरात आमच्या घरामागच्या बर्चमध्ये अशीच नारिंगी टोपी मिळाली, इथले लोक तिला कोइवुनपुनिक्कितात्ती म्हणतात, देठावर काळे खवले असतात आणि कापली की पांढरा गर हळूहळू राखाडी-काळा पडतो. टोपीच्या खालच्या छिद्राछिद्रांच्या थरात एक गोल भोक होतं, पेन्सिलचं टोक खुपसावं तेवढं. टपली मारली, काही पडलं नाही. मग सुरीने अगदी भोकाच्या कडेने टोपी उभी चिरली. आत बोगदा, बोगद्याच्या टोकाला तो, आणि उजेड लागल्याबरोबर वळून पळायच्या ऐवजी तो उलटा उलटा मागे सरकत गेला, तोंड माझ्याकडे, जबडे उघडे. मी पाच मिनिटं तशीच चवड्यांवर बसून राहिले. भुसा पडावा तसा गराचा चुरा त्याच्या पुढे साचलेला होता. टपलीने हा दर वेळी पडत नाही हे तेव्हा कळलं, म्हणून जाड अळंबी असेल तर एक उभा काप घ्याच.

रुफसला नाव दिलं लिनियसने, १७५८ साली, म्हणजे स्वीडनच्या त्या माणसाने ज्या पुस्तकातून प्राण्यांची दोन शब्दी नावं सुरू झाली त्यातच हा आहे. याचा एक भाऊ ऑक्सिपोरस मॅक्सिलोसस, तोही फिनलंडमध्ये बर्चखालच्या अळंब्यांत मिळतो, त्याची छाती साधारण काळपट असते आणि पंख पिवळट. पुढच्या वेळी तो दिसला तर मला नक्की कळवा.

प्रश्न: किडे लागलेली अळंबी विषारी नसते असं आमच्या सासूबाई म्हणतात. किडे खातात म्हणजे आपल्यालाही चालते. हे खरं आहे का? आम्ही इथे दर रविवारी अळंबी आणायला जातो. (एक वाचक, टांपेरे, फिनलंड)

नाही. अजिबात नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हे मात्र स्पष्ट सांगा, कारण हा समज आपल्याकडेही घरोघरी आहे आणि यात जीव जाऊ शकतो.

तुमच्या जंगलात पांढरीशुभ्र, देखणी अशी एक अळंबी येते, फिनिशमध्ये वाल्कोकार्पॅस्सिएनी. त्या गटातल्या अळंब्यांतलं विष माणसाचं यकृत निकामी करतं, शिजवून ते जात नाही, आणि त्रास सुरू व्हायलाच कित्येक तास लागतात तोवर विष आत भिनलेलं असतं. आणि काही माश्यांच्या अळ्या याच विषाच्या अळंबीत आरामात वाढतात, त्यांचं शरीर ते विष पेलतं. किड्याचं पोट वेगळं, आपलं वेगळं. बीटल सापडला तर बीटल सापडला एवढंच समजायचं, अळंबी खायची की नाही हे अळंबी ओळखूनच ठरवायचं आणि शंका असेल तर टाकून द्यायची.

उलट बाजूने, खायची अळंबी पक्की ओळखीची आहे आणि त्यात चार रोव्ह बीटल निघाले तर झटकून टाका, काही बिघडत नाही. गर चाळणी झालेला असेल तर मात्र जंगलातच ठेवून या.

प्रश्न: मावशी, मी अकरा वर्षांची आहे. आमच्या घराजवळच्या जंगलात एका अळंबीखाली खूपच बारीक किडे होते, खसखशीसारखे, पण पळणारे. बाबांच्या फोनला भिंग लावून फोटो काढले. ॲपने एकदा एक नाव सांगितलं, दुसऱ्या फोटोला दुसरं. खरं कुठलं? (योतेबोरी, स्वीडन)

अगं किती छान बघितलंस तू! मोठी माणसं यांच्यावरून पाय देऊन जातात.

तुझ्या फोटोत जे आहेत ते जायरोफीना. एक ते तीन मिलिमीटर एवढेच असतात. छत्रीच्या आकाराची अळंबी उलटी केली की खाली वहीच्या पानांसारख्या पातळ घड्या दिसतात ना, त्या घड्यांमध्ये हे राहतात. कधी पाच-दहा, कधी शंभर. अळंबीचे बीजाणू, म्हणजे तिची बी समज, त्या घड्यांवर तयार होतात आणि जायरोफीना ते खरवडून खातो. त्याच्या तोंडात त्यासाठी खास ब्रशच असतो, बारीक काट्यांचा दाट झुपका. अमेरिकेत स्टीव्ह ॲश नावाच्या शास्त्रज्ञाने यांच्यावर फार काम केलं, १९८४ साली जायरोफीना आणि त्याच्या जवळच्या भाऊबंदांचा मोठा अभ्यास छापला, त्यात हा ब्रश अगदी बारकाईने सांगितलाय. अळंबी चार दिवसांत कुजते म्हणून यांच्या पिल्लांना घाई असते, भराभर खाऊन वाढायचं आणि मातीत उतरून कोष करायचा.

आता ॲपचं. ॲप खोटं बोलत नाहीये, ते फोटो बघून अंदाज करतंय, आणि जायरोफीनाच्या जाती फोटोवरून वेगळ्या करता येतच नाहीत. नराच्या पोटाच्या शेवटच्या पट्ट्यांवर बारीक दात असतात ते बघावे लागतात आणि पोटातला नर-अवयव सूक्ष्मदर्शकाखाली काढून बघावा लागतो, तेव्हा कुठे जात ठरते. मोठे तज्ज्ञही असंच करतात. म्हणून तू नोंद करताना नुसतं 'जायरोफीना' लिही आणि तिथेच थांब. पुढे जातीचं नाव लिहू नकोस, ॲपने कितीही आग्रह केला तरी. तुझी ती नोंद पूर्ण खरी आहे, आणि जातीचा अंदाज लिहिलास तर अर्धी खोटी होईल.

एक गंमत सांगू? जायरोफीना हे नाव १८३० साली मानरहाइम नावाच्या फिनलंडच्या माणसाने दिलं. त्याचा नातू पुढे फिनलंडचा राष्ट्राध्यक्ष झाला. आजोबा मात्र असे खसखशीएवढे किडे बघत बसायचे.

फोटो काढताना चार काढ. किड्याचा वरून एक, बाजूने एक. मग अळंबीचा वरून एक आणि खालून एक. तुझ्या पाचही फोटोंत किडाच आहे, अळंबी कुठली ते मला एकातही कळलं नाही. तेवढं पुढच्या वेळी कर हं.

प्रश्न: मी औलूमध्ये पीएचडी करतो (विषय वेगळा आहे, कॉम्प्युटरचा), वीकेंडला जंगलात जातो. मला हे नीट करायचंय, नुसते फोटो नाही. काय सामान लागतं, काय लिहायचं, कुठे नोंदवायचं, आणि परवानगीचं काय? सविस्तर सांगाल का? (एक वाचक, औलू, फिनलंड)

सांगते, आणि हेच पत्र मला सगळ्यात आवडलं.

परवानगी आधी. फिनलंडमध्ये जंगलात फिरायचा, अळंबी-बेरी वेचायचा हक्क सगळ्यांना आहे, पण म्हणून राष्ट्रीय उद्यानात किडे गोळा करता येत नाहीत, तिथे त्यासाठी वेगळी परवानगी लागते. नूक्सिओसारख्या ठिकाणी जाल तर फोटो काढा, नोंद करा, किडा तिथेच सोडा. संरक्षित जाती कुठेही उचलायच्या नाहीत. बाकी खाजगी जंगल असेल तर मी तरी मालकाला विचारते, एकदा विचारलं की तेच पुढच्या वर्षी बोलावतात.

सामान फार नाही. एक पांढरी प्लॅस्टिकची ताटली किंवा ट्रे. दहापट भिंग, गळ्यात दोरी बांधून. छोटी सुरी. झाकणाच्या छोट्या नळ्या, त्यात सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोल. पूटर, म्हणजे तोंडाने ओढून किडा बाटलीत घ्यायची नळी, मध्ये जाळी असते म्हणून तोंडात जात नाही, जायरोफीनासाठी तिच्याशिवाय इलाज नाही कारण बोटात धरला की चिरडतो. कागदी पिशव्या अळंबीसाठी, प्लॅस्टिकच्या नकोत, त्यात अळंबीला घाम येऊन चिखल होतो. आणि पेन्सिल.

पेन्सिलीबद्दल थांबून सांगते कारण मला ते महागात पडलंय. पहिल्या वर्षी मी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक नळीत चिठ्ठी टाकली, छान बॉलपेनने लिहिलेली. नोव्हेंबरात नळ्या काढल्या तर अल्कोहोल निळसर आणि चिठ्ठ्या कोऱ्या! शाई पूर्ण धुऊन गेली होती. आत किडे अगदी व्यवस्थित, पाय-मिशा सगळं जागच्या जागी, पण कुठल्या जंगलातले, कुठल्या तारखेचे, कुठल्या अळंबीवरचे, काही नाही. एकूण एकतीस नळ्या. ते बीटल अजून माझ्याकडे आहेत आणि त्यांचा काहीही उपयोग नाही, आणि मी ते जीव विनाकारण घेतले याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून पेन्सिल, जाडसर कागद, चिठ्ठी नळीच्या आत, आणि तेच सगळं वहीत परत.

आता चिठ्ठीवर काय. जागा, म्हणजे गावाचं नाव आणि जीपीएसचे आकडे. तारीख, वर्षासकट. तुमचं नाव. एवढं सगळेच लिहितात. पण अळंबीतल्या बीटलच्या बाबतीत खरी माहिती पुढे आहे आणि तीच लोक गाळतात: कुठली अळंबी, ती कुठल्या झाडाखाली किंवा कुठल्या झाडाच्या ओंडक्यावर, आणि अळंबीची अवस्था काय. 'अळंबीवर' असं लिहिलेली नोंद मला वाचवत नाही. म्हणजे एखाद्याचा पत्ता 'घरात' असा लिहिल्यासारखं झालं ते! रसूला का लॅक्टॅरियस का बर्चखालची तात्ती (टोपीखाली छिद्रं असलेली) का बुंध्यावरची कडक काप्या, हे कळलं तर त्या बीटलबद्दल काहीतरी कळलं. अळंबीचं नाव येत नसेल तर अडू नका, अळंबीचा वरून, खालून, देठाच्या बुडाशी आणि कापून असे फोटो काढा, कापल्यावर रंग बदलतो का ते लिहा, नंतर कोणीतरी ओळखून देतं. बीटल नंतरही ओळखता येतो, तो नळीत आहे. अळंबी मात्र चार दिवसांत गेलेली असते.

अवस्था का, तर माणसं बदलतात तशी अळंबी उमलल्यापासून कुजेपर्यंत तिच्यावरची वस्ती बदलते. ताज्या घड्यांमध्ये जायरोफीना. गर भरला की ऑक्सिपोरस, माश्यांच्या अळ्या झाल्या की त्यांच्यामागे लॉर्डिथॉन. मऊ पडून वास यायला लागला की अथेटा, प्रोटाइनस, टॅकिनस, फिलॉन्थस असले बाकीचे रोव्ह बीटल येतात, ते फक्त अळंबीवाले नव्हेत, कुजलेलं काहीही चालतं त्यांना. म्हणून 'ताजी', 'पूर्ण उमललेली', 'मऊ पडलेली', 'काळी पडून ओघळलेली' एवढे चार शब्द ठरवून घ्या आणि दर वेळी त्यातलाच एक लिहा.

आणि रिकाम्या अळंब्याही मोजा. दहा रसूला बघितल्या, तीनमध्ये जायरोफीना, सातमध्ये काही नाही, असं लिहिलं तर त्याला वजन येतं. नुसतं 'जायरोफीना सापडला' म्हटलं तर तुम्ही एक बघितली का शंभर, हे कोणाला कसं कळणार?

ओळखायची सुरवात पायांपासून आणि मिशांपासून करा. मिशा डोक्याच्या वरच्या बाजूला, डोळ्यांच्या मधल्या भागातून निघालेल्या दिसल्या तर तो अलिओकॅरिनी या उपघराण्यातला, जायरोफीना आणि अथेटा दोन्ही त्यातलेच. मग पावलांची पेरं मोजा, पुढचा पाय, मधला, मागचा. जायरोफीनाची ४-४-५. अथेटाची ४-५-५. ऑक्सिपोरसच्या सगळ्या पायांना पाच. वाचताना सोपं वाटतं पण दोन मिलिमीटरच्या किड्याची मधल्या पायाची पेरं मोजायला चांगला सूक्ष्मदर्शक, भरपूर उजेड आणि शांत डोकं लागतं, पहिल्या महिन्यात माझं दर वेळी वेगळं यायचं. चिकाटी ठेवा. अथेटाच्या वाटेला मात्र पहिली दोन वर्षं जाऊ नका. जाती बेसुमार, सगळ्या काळ्या-तपकिरी, सगळ्या सारख्या, आणि पोट उघडल्याशिवाय एकही ठरत नाही. 'अथेटा, जात ठरवली नाही' असं लिहा आणि नळी जपून ठेवा.

किती घ्यायचे? जायरोफीनाचे एका अळंबीवरून सहा-सात पुरे, त्यात नर मिळायला हवा म्हणून तेवढे. ऑक्सिपोरस आणि लॉर्डिथॉन फोटोवर पुष्कळदा ओळखता येतात, ते सोडून द्या.

नोंदवायला फिनलंडमध्ये लाजी डॉट एफआय आहे, हेलसिंकीचं नैसर्गिक इतिहास संग्रहालय चालवतं, त्यात विहको नावाची वही आहे, फुकट, इंग्रजीतही चालते. स्वीडनवाल्यांना आर्टपोर्टालेन, नॉर्वेवाल्यांना आर्ट्सऑब्झर्वासयोनेर. आयनॅचरलिस्टही चालेल. या सगळ्यांतल्या नोंदी पुढे जीबिफ या जागतिक साठ्यात पोचतात, तिथून जगातला कोणीही अभ्यासक त्या वापरू शकतो. जिथे कुठे लिहाल तिथे अळंबीचं नाव वेगळ्या रकान्यात किंवा टिपणात लिहाच, आणि फोटोत अळंबी दिसू द्या. तुमची खात्री किती आहे तेही लिहा. फिनलंडमध्ये बीटलच्या साडेतीन हजारांवर जाती आहेत आणि त्यातला मोठा वाटा या आखूड पंखवाल्यांचा, पण बघणारे डोळे फार थोडे. औलूच्या बाजूला तर आणखीच थोडे. तुमचा वीकेंड तिथे खरंच कामी येईल.

प्रश्न: रोव्ह बीटल म्हणजे तोच ना, पावसाळ्यात ट्यूबलाइटखाली येतो आणि अंगावर चिरडला की भाजल्यासारखे फोड येतात? मग मुलांना हात लावू द्यायचा का? (एक वाचक, ठाणे)

तो याच घराण्यातला, पण दुसरा. त्याचं नाव पीडेरस. बारीक, लांबट, नारिंगी आणि काळे पट्टे, पंखांवर निळसर चमक. त्याच्या रक्तात पीडेरिन नावाचं विष असतं, चावत नाही, पण अंगावर चिरडला की दुसऱ्या दिवशी लाल पट्टा आणि फोड. बसला तर फुंकर मारून उडवा, मारू नका, आणि चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा, तोच हात डोळ्याला लावू नका. फोड आले तर डॉक्टरांना दाखवा.

अळंबीतले ऑक्सिपोरस, लॉर्डिथॉन, जायरोफीना यांच्यात हे विष नाही. पीडेरस ओल्या जागी, पाणथळ काठाला, शेतात राहतो, फिनलंडमध्येसुद्धा तळ्याकाठी त्याची एक जात आहे, पण अळंबीच्या घड्यांमध्ये तो घर करत नाही. तरी नारिंगी-काळा रंग ऑक्सिपोरस, लॉर्डिथॉन आणि पीडेरस तिघांतही असल्यामुळे, मुलांना एकच सवय लावा: किडा बोटाने नाही, ताटलीवर.

प्रश्न: इथे नोव्हेंबरातच बर्फ पडतो आणि अळंबी संपते. मग सात महिने काय करायचं? (एक वाचक, त्रोंढाइम, नॉर्वे)

झाडांवर बघा. मऊ अळंबी जाते पण बुंध्यावरच्या लाकडासारख्या कडक अळंब्या, फिनिशमध्ये काप्या, त्या वर्षानुवर्षं तिथेच असतात. मेलेल्या बर्चवर घोड्याच्या खुरासारखी राखाडी दिसते ती फोमेस. स्प्रूसवर लाल-नारिंगी कडेची ती फोमिटॉप्सिस पिनिकोला. ही दुसरी उन्हाळ्याच्या सुरवातीलाच बीजाणू सोडायला लागते, तेव्हा तिच्या खालच्या पांढुरक्या थरावर भिंग लावून बघा, जायरोफीना बोलेटाय तिथे मिळतो, जेमतेम एक मिलिमीटरचा, छिद्राच्या तोंडाशी बसलेला. अगदी धीराने बघावं लागतं, आधी धुळीचा कणच वाटतो.

बुरशी धरलेल्या ओंडक्यांवर स्कॅफिसोमाही मिळेल, होडीच्या आकाराचा, काळा चकचकीत, पाय लांब, धावताना तोल गेल्यासारखा झटके देत धावतो. याला पूर्वी वेगळं घराणं मानायचे, आता रोव्ह बीटलमध्येच धरतात. आणि सेपेडोफिलस, पाण्याच्या थेंबासारखा मागे निमुळता, अंगावर मखमली लव.

पण कडक काप्या उखडू नका. मऊ अळंबी चार दिवसांची असते, ही कित्येक वर्षांची, आणि आत राहणारे सगळे बेघर होतात. खाली चादर धरा आणि मऊ ब्रशने झटका, तेवढं पुरतं.

प्रश्न: आम्ही सावंतवाडीजवळ राहतो. पावसात वारुळावर, कुजक्या लाकडावर किती तरी अळंब्या येतात. तुमचे हे सगळे बीटल थंड देशातलेच का? आपल्याकडे कोणी बघितलेत का? (एक वाचक, सावंतवाडी)

आपल्याकडेही आहेत हो! माल्कम कॅमेरॉन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १९३० ते १९३९ या काळात हिंदुस्थानातल्या रोव्ह बीटलवर खंडच्या खंड लिहिले, जायरोफीनाच्या जाती त्यातही आहेत. तुमच्या बांधावरच्या कुजक्या आंब्याच्या ओंडक्यावर आज कोण बसलंय हे मात्र तुम्हीच उठून बघायला हवं.

फिनलंडची नावं तिथे लावू नका एवढीच विनंती. लाल छाती आणि काळं डोकं दिसलं की 'ऑक्सिपोरस रुफस' असं लिहून मोकळं होण्याचा मोह होईल, तो टाळा. 'रोव्ह बीटल' एवढंच लिहिलं तरी चालेल, भिंगातून जायरोफीनासारखा दिसला तर 'जायरोफीनासारखा' लिहा. अभयारण्यात किंवा राखीव जंगलात काहीही गोळा करू नका, वनविभागाची परवानगी लागते. स्वतःच्या परसात, स्वतःच्या बागेत बघा, तेवढंच पुष्कळ आहे.

वारुळावरची अळंबी तुम्ही खाण्यासाठी काढताच, तर स्वयंपाकघरात नेण्याआधी अंगणात ताटात उलटी करून टपली मारा. पाऊस थांबल्यावर तासाभरात बघा, धो-धो पावसात घड्या भिजलेल्या असतात आणि बारीक किडे चिकटून बसतात, पडत नाहीत. घरातल्या मोठ्यांना त्या अळंबीचं गावातलं नाव विचारा आणि ते जसंच्या तसं लिहा, शास्त्रीय नाव नसलं तरी चालेल, कारण पुढे कोणी ओळखायला आलं तर त्या नावावरून गावातच विचारता येईल. सोबत कुठल्या झाडाजवळ, कुठल्या तारखेला, किती अळंब्या बघितल्या आणि कितींत किडे होते. या आषाढात दहा अळंब्या जरी अशा बघितल्यात तरी वहीचं ते पान आणि फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी एकेक बसून बघेन.